हगाम्याचं इनाम आणि लिलावाची बोली

नगर जिल्ह्यात कुस्त्यांच्या मैदानाला हगामा म्हणतात. चैत्रात गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की दुपारी उन्हं कलल्यावर हलगी वाजते आणि हगामा उभा राहतो. आधी पोराटोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग पन्नास-शंभर रुपयांच्या, आणि अंधार पडायच्या बेताला शेवटची मोठी कुस्ती. ती आधीच नेमलेली असते. यात्रेच्या आधी कमिटीची चार माणसं तालमीत येतात, वस्तादांपुढं बसतात, चहा होतो आणि जोड ठरते. इनाम किती, निकाली झाली तर किती, बरोबरीत सुटली तर वाटणी कशी, गाडीभाडं कुणाचं, सगळं तोंडी. खेळाडूचा करार म्हणतात तो आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या हाच. त्याला कागद नाही, शिक्का नाही, तरी दिलेला शब्द मोडलेला मी फार कमी वेळा पाहिला.

माझं मूळ गाव पारनेर तालुक्यात. आयुष्य मात्र नगर शहरात लोकांची आयकराची रिटर्नं भरण्यात गेलं. त्यामुळं खेळाडूच्या हातात पडणारा पैसा आणि त्यातून सरकारला जाणारा पैसा, या दोन्ही गोष्टी मी जवळून बघितल्या. जिल्ह्याचं नाव आता कागदोपत्री अहिल्यानगर झालं आहे. मी जुन्या काळाबद्दल लिहितो आहे आणि बोलण्यात अजून नगरच येतं, म्हणून नगरच लिहितो.

सध्या क्रीडापानांवर एक चर्चा वारंवार येते. अमेरिका-कॅनडात बर्फावरच्या हॉकीचे व्यावसायिक संघ आहेत. संघाला पगारावर खर्च करायची मर्यादा सगळ्यांना सारखीच, २०२५-२६ च्या मोसमाला साडेपंचाण्णव दशलक्ष डॉलर. पण कर सारखा नाही. टोरांटोच्या खेळाडूला वरच्या टप्प्यावर केंद्राचा आणि प्रांताचा मिळून ५३ टक्क्यांवर कर पडतो. फ्लोरिडात राज्याचा आयकरच नाही, फक्त केंद्राचा, जास्तीत जास्त ३७ टक्के. म्हणजे तेवढ्याच रकमेच्या करारातून हातात पडणाऱ्या पैशात मोठी तफावत. म्हणून फ्लोरिडा, टेक्सास, नेवाडा इथले संघ खेळाडूला थोड्या कमी रकमेत राजी करू शकतात आणि उरलेल्या पैशात आणखी एक चांगला खेळाडू घेऊ शकतात, अशी बाकीच्यांची तक्रार आहे. २०२० ते २०२५ या सहा वर्षांत स्टॅन्ली कप, म्हणजे या हॉकीचं विजेतेपद, पाच वेळा राज्याचा आयकर नसलेल्या ठिकाणच्या संघांनी नेला : टॅम्पानं दोनदा, लास वेगासनं एकदा, फ्लोरिडा पँथर्सनं दोनदा. मधलं २०२२ चं वर्ष तेवढं कोलोराडोचं.

हे वाचलं की आमच्याकडचा तरुण विचारतो, आपल्या आयपीएलमध्ये असं का होत नाही? उत्तर द्यायचं तर आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात मागं जावं लागतं, कारण कराची अशी सीमा नगरच्या वेशीवर एके काळी खरोखर होती.

ब्रिटिशांच्या काळात नगर जिल्हा खालसा मुलूख होता, मुंबई इलाख्यातला. नेवासे, शेवगाव, पाथर्डी, जामखेड हे तालुके ओलांडले की निजामाचं राज्य लागायचं. नेवाशाकडं तर मधे फक्त गोदावरी. पलीकडं माल न्यायचा तर करोडगिरीच्या नाक्यावर मालाच्या किमतीवर पाच टक्के मोजायचे. ब्रिटिश हिंदुस्थानचा १९२२ चा आयकर कायदा संस्थानांना लागू नव्हता. निजामाच्या मुलखात स्वतःचा आयकर कायदा आला तो राज्याच्या अगदी अखेरीस. कोल्हापूरही संस्थान. नदीच्या एका काठावर एक कर आणि दुसऱ्या काठावर दुसरा, हा प्रकार आमच्या आजोबांना ठाऊक होता. १ एप्रिल १९५० पासून केंद्राचा आयकर हैदराबादसह जुन्या संस्थानी राज्यांना लागू झाला. तेव्हाही एकदम पूर्ण दर न लावता टप्प्याटप्प्यानं चढवायचा खास आदेश काढावा लागला होता.

पहिलवानाला यातलं काही जाचलं नाही, कारण त्याची कमाई आयकराच्या पायरीपर्यंत पोचतच नव्हती. त्याला फरक पडायचा तो आश्रयाचा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी तालमी पोसल्या, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं केलं, पहिलवानाच्या खुराकाची सोय दरबारातून झाली. नगरच्या पहिलवानामागं दरबार नव्हता, गावची वर्गणी होती. घरटी दोन रुपये, पाच रुपये, दुकानदाराचे पंचवीस. त्या वर्गणीवर इथली कुस्ती तगली. मला या गोष्टीचा मनापासून अभिमान वाटतो. दुष्काळी जिल्ह्यातल्या लोकांनी स्वतःच्या खिशातून एक खेळ जिवंत ठेवला.

राज्यघटनेनं १९५० मध्ये मेख मारली ती पक्की. शेतीखेरीज इतर उत्पन्नावरचा कर केंद्राच्या यादीत गेला आणि शेतीच्या उत्पन्नावरचा कर राज्यांच्या. त्यामुळं राज्याराज्यांत आयकराचे दर वेगळे असणं आपल्याकडं शक्यच उरलं नाही. आपल्या जिल्ह्यात जन्मलेला अजिंक्य रहाणे बघा. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा जन्म, डोंबिवलीत वाढला. आयपीएलमध्ये राजस्थान, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि २०२५ ला कर्णधार म्हणून पुन्हा कोलकाता, असा तो फिरला. अमेरिकेत एवढी गावं बदलली असती तर दर वेळी कराच्या वकिलाला विचारूनच सही झाली असती. तिथं पाहुण्या संघाचा खेळाडू जेवढे दिवस राज्यात खेळतो तेवढ्या दिवसांच्या पगारावरही राज्यं कर घेतात. १९९१ साली शिकागोच्या बास्केटबॉल संघानं लॉस एंजेलिसला हरवल्यावर कॅलिफोर्नियानं शिकागोच्या खेळाडूंकडून असा कर मागितला आणि इलिनॉयनं कायदा करून त्याची परतफेड केली. आपल्याकडं जयपूर असो की चेन्नई, आयकर एकच.

राज्याराज्यांत फरक उरतो तो व्यवसाय कराचा. काही राज्यांत तो आहे, काहींत नाही, आणि घटनेनंच त्याला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. लाखो-कोटींच्या करारात ही रक्कम कुणी बघतही नाही. पण नगरच्या माणसानं तिच्याकडं आदरानं बघावं. महाराष्ट्रात हा कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. १९७२ च्या दुष्काळात आमच्या पारनेर, कर्जत, पाथर्डी, जामखेडच्या माणसांनी खडी फोडली, पाझर तलावांवर माती वाहिली. वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना त्या दुष्काळात राज्यभर पसरली आणि तिचा खर्च शहरातल्या पगारदारांनी, व्यावसायिकांनी उचलावा असं ठरलं. आज मुंबईत राहणाऱ्या क्रिकेटपटूच्या नावावर व्यवसाय कराचे जे अडीच हजार पडतात, त्यांची मुळं त्या खडीच्या ढिगाऱ्यात आहेत.

म्हणजे आपल्याकडं कराच्या सीमा गावागावांत नाहीत. त्या पैशापैशात आहेत. पैसा कुणी दिला, कशासाठी दिला, घेणारा हौशी की धंदेवाईक, देशी की परदेशी, यावर दर ठरतो. या सीमा नकाशावर दिसत नाहीत, म्हणून साध्या माणसाला त्या कळतही नाहीत.

१९२२ च्या कायद्यात आणि नंतर १९६१ च्या कायद्यात अवचित आणि एखाद्या वेळी मिळालेल्या पैशाला करातून सूट होती. यात्रेतलं इनाम त्यात बसे. १९७२ मध्ये या सुटीला हजार रुपयांची मर्यादा आली, १९८७ पासून ती पाच हजार झाली आणि २००३ मध्ये ही सूटच कायद्यातून गेली. मधल्या काळात, १९७३-७४ साली, कराचा सर्वांत वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. त्या काळात मोठ्या खेळाडूला रोख पैसे देण्यात कुणाचंच भलं नव्हतं. देणाऱ्याला परवडत नव्हतं आणि घेणाऱ्याकडं उरत नव्हतं. त्या पिढीनं करार केला तो नोकरीचा. बँक, रेल्वे, पोलीस, साखर कारखाना, गिरण्यांच्या कंपन्या. महिन्याचा पगार, सरावाला सुट्टी, म्हातारपणी पेन्शन. आमच्या तालमीतल्या पोरांचं सगळ्यांत मोठं स्वप्न पोलीस भरतीचं असायचं, आणि अजूनही आहे. नोकरीचं कारण फक्त कर होता असं मी म्हणत नाही, सुरक्षितता त्याहून मोठी. पण कायद्यानंही त्यांना त्याच बाजूला ढकललं.

२२ जानेवारी १९८६ ला प्रत्यक्ष कर मंडळानं ४४७ क्रमांकाचं परिपत्रक काढलं. धंदेवाईक नसलेल्या खेळाडूला मिळालेलं बक्षीस ही वैयक्तिक भेट मानावी, त्यावर कर नको. धंदेवाईक असेल तर ते बक्षीस म्हणजे त्याच्या व्यवसायाचं उत्पन्न. वाचायला सोपं, लावायला अवघड. नेमबाज अभिनव बिंद्राला ऑलिंपिक सुवर्णानंतर मिळालेल्या बक्षिसांचं प्रकरण न्यायाधिकरणापर्यंत गेलं आणि तो धंदेवाईक नाही असं ठरून त्याला सूट मिळाली. सचिन तेंडुलकरच्या प्रकरणात तर क्रिकेटची कमाई 'इतर उत्पन्न' म्हणून दाखवली होती आणि परदेशी कंपन्यांच्या जाहिरातींच्या पैशावर अभिनेता म्हणून वजावट मागितली होती. २०११ मध्ये मुंबईच्या न्यायाधिकरणानं ती मान्य केली. एका माणसाचे दोन व्यवसाय असू शकतात, हे त्यातलं मुख्य सूत्र. मला तो निकाल पटतो. कॅमेऱ्यापुढं उभं राहणं हे फलंदाजीपेक्षा वेगळंच काम आहे.

मग २००८ उजाडलं. फेब्रुवारीत मुंबईत आयपीएलचा पहिला लिलाव झाला आणि आमच्या श्रीरामपूरच्या झहीर खानला बंगळूरनं साडेचार लाख डॉलरला घेतलं. ज्याचे वडील श्रीरामपुरात फोटोग्राफर, जो गावातल्या मराठी शाळेत शिकला, सतराव्या वर्षी मुंबईला गेला, बडोद्याकडून रणजी खेळला आणि २००६ च्या मोसमात वूस्टरशायरकडून इंग्लंडच्या काउंटीत ७८ बळी घेऊन आला, त्या पोराची किंमत डॉलरमध्ये पुकारली गेली. त्या आठवड्यात श्रीरामपूर-नगर रस्त्यावरच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर एकच गुणाकार चालू होता. एक डॉलर म्हणजे किती आणि एकूण झाले किती. पुढच्या वर्षी रॉबिन उथप्पाशी अदलाबदल होऊन तो मुंबईच्या संघात आला. टोरांटोहून टॅम्पाला गेलेल्या खेळाडूचा सगळा हिशेब बदलतो, बंगळूरहून मुंबईला आलेल्याच्या आयकरात फरक शून्य.

२००८ च्याच २१ ऑगस्टला सरकारनं अधिसूचना काढली. खेळाडू, पंच, प्रशिक्षक, समालोचक यांना द्यायच्या पैशातून व्यावसायिक फी म्हणून दहा टक्के कर आधीच कापायचा. वकील आणि डॉक्टरच्या रांगेत खेळाडू बसला. परदेशी खेळाडूची रांग वेगळी. त्याच्या इथल्या कमाईवर सरसकट दर, १९९० पासून दहा टक्के आणि २०१२ च्या अर्थसंकल्पानंतर वीस. म्हणजे एकाच संघात, एकाच खोलीत राहणारे दोन गोलंदाज, एकाला वीस टक्के आणि दुसऱ्याला तीस टक्क्यांचा टप्पा व वर अधिभार. बरं, भारताकडून खेळायला क्रिकेट मंडळ जे मानधन देतं त्यावर जीएसटी नाही, कारण मंडळ मान्यताप्राप्त क्रीडा संस्था आहे. फ्रँचायझी तशी नाही, म्हणून तिच्या करारावर १८ टक्के जीएसटी. जीएसटीच्या आधी सेवा कर होता आणि त्यावरून सौरव गांगुलीला कोलकाता उच्च न्यायालयात जावं लागलं. २०१६ मध्ये निकाल त्याच्या बाजूनं लागला.

अशा माणसांकडं सल्लागार असतात. करारातला शब्दन्‌शब्द तोलून घेतला जातो. कॅनडात हॉकीपटू जॉन टॅव्हारेझनं २०१८ ला टोरांटोशी करार केला तेव्हा पैशाचा मोठा भाग सहीचा बोनस म्हणून लिहिला गेला, कारण अमेरिका-कॅनडा कर-कराराप्रमाणं अशा बोनसवर पंधरा टक्क्यांचीच मर्यादा आहे. तिथल्या कर खात्यानं तो पगारच धरला आणि भांडण कर न्यायालयात गेलं. भांडण मोठं आहे, पण दोन्ही बाजूंना तोलामोलाचे वकील आहेत.

आमच्या पहिलवानाकडं काय असतं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एक पहिलवान माझ्याकडं आला, सोबत त्याचे वस्ताद. हातात प्लॅस्टिकची पिशवी. त्यात यात्रा कमिट्यांची पत्रकं, वर्तमानपत्रातली कात्रणं, आणि मोठाल्या पुठ्ठ्याच्या चेकसोबत काढलेला एक फोटो. एका आयोजकानं बक्षिसातून टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा कर, कापला होता आणि तो याला सांगितलाच नव्हता.

"वकीलसाहेब, एक लाखाची कुस्ती मारली, खात्यात नव्वद आले. दहा कुणी खाल्ले?" त्यानं विचारलं.

वस्ताद म्हणाले, "खाल्ले नसतील रे. साहेब, तुम्ही बघा जरा."

मी कापलेल्या कराची नोंद दाखवणारा फॉर्म २६ एएस काढला. दहा हजार त्याच्याच पॅनवर जमा होते, सरकारदरबारी सुरक्षित. त्यानं रिटर्न कधी भरलंच नव्हतं. घरी ऊस आणि कांदा, त्यावर कर नाही, म्हणून घराण्यात रिटर्न हा विषयच नव्हता. उसाचं पेमेंट आणि कुस्तीचं इनाम एकाच बँक खात्यात आलं, तरी कायद्याच्या नजरेत दोन्ही वेगळे, हे त्याला समजावायला मला अख्खी दुपार लागली. आम्ही रिटर्न भरलं, रिफंड आला.

खरी अडचण पुढं आली. खर्च दाखवायचा म्हटलं की खुराकाचा हिशेब येतो. रोजचं चार लिटर दूध, बदाम, तूप, अंडी, मटण. दूध घरच्या म्हशीचं, तूप आईनं कढवलेलं. पावती कुठून आणायची? डॉक्टर, वकील, सिनेमाचा नट यांना कायद्यात अंदाजी हिशेबाची सोय आहे. ठराविक मर्यादेपर्यंतच्या जमेतला निम्मा नफा धरा, वह्या-पावत्या मागणार नाही. या यादीत सिनेमातला नट आहे, गायक आहे, नृत्य-दिग्दर्शक आहे. खेळाडू नाही. पडद्यावर पहिलवान झालेल्या नटाला जी सवलत आहे ती मातीतल्या पहिलवानाला नाही. हे मला आजही मान्य होत नाही.

आता जिल्ह्याची पोरं मोठ्या पैशाजवळ पोचली आहेत. नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार पुणेरी पलटणचा कर्णधार म्हणून २०२४ च्या मार्चमध्ये प्रो कबड्डीचं विजेतेपद घेऊन आला. त्याआधी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. अशा खेळाडूच्या दोन कमाया बघा. आशियाई पदकासाठी सरकारनं दिलेलं बक्षीस २०१४ च्या जानेवारीतल्या आदेशानुसार करमुक्त. लीगच्या कराराचा पैसा मात्र पूर्ण करपात्र. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आमच्याच नगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरी झाली, तेव्हा पृथ्वीराज मोहोळला गदेबरोबर थार गाडी मिळाली. धंदेवाईक मानलेल्या खेळाडूला बक्षीस वस्तूच्या रूपात मिळालं तरी तिची किंमत उत्पन्नात धरतात, आणि कर मात्र रोख भरावा लागतो. लहान गावात मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर इनाम लावणाऱ्या कमिट्यांना मी हे दर वर्षी सांगतो : वस्तू देणार असाल तर तिच्यावरचा कर कोण भरणार हे जोड ठरवतानाच बोलून घ्या.

नव्या दरांप्रमाणं २०२५-२६ पासून वर्षाला बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडत नाही. यात्रांवर जगणाऱ्या बहुतेक पहिलवानांची कमाई त्याच्या आतच असते. म्हणजे कापलेला दहा टक्के टीडीएस बहुतेक वेळा परत मिळायचा पैसा आहे, आणि रिटर्न न भरल्यामुळं तो तिथंच राहतो. एवढ्यासाठी तरी प्रत्येक तालमीत वर्षातून एकदा कुणीतरी जाणत्यानं बसावं. नगर शहरात कर सल्लागारांची कमी नाही.

खुराकाच्या प्रश्नाला मात्र दिल्लीतच उत्तर आहे. २००८ साली खेळाडूचा कर कापायला त्याला व्यावसायिक ठरवणारी एक अधिसूचना पुरली. अंदाजी हिशेबाच्या यादीत खेळाडूचं नाव घालायलाही तेवढीच लागेल. नगर आणि शिर्डी मिळून या जिल्ह्याचे दोन खासदार आहेत. यात्रेच्या आमंत्रणावरून दोघंही हगाम्यांना येतात, शेवटच्या कुस्तीची जोड त्यांच्याच हस्ते लावली जाते. त्यांनी संसदेत ही मागणी करावी.